ऐंशी मीटर, पण कशापासून?

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरी एक वाद ठरलेला असतो. रंगारी येतो, भिंती खरवडतो, रंगाचे डबे उघडतो आणि बाहेरच्या खोलीतल्या पूर्वेकडच्या भिंतीपाशी येऊन थबकतो. त्या भिंतीवर जमिनीपासून चार फुटांच्या थोडी वर एक आडवी रेघ आहे. विटेच्या तुकड्याने ओढलेली, तांबडी, आणि ओढणाऱ्याचा हात कापत होता म्हणून जराशी वाकडी. तिच्याखाली माझ्या वडिलांच्या अक्षरात लिहिले आहे : २६-७-२००५.

"ही ठेवायची की पुसायची?" रंगारी विचारतो.

"पुसा," असे आमचे घर म्हणते. "अहो, सणासुदीला कसली ती आठवण भिंतीवर!"

"राहू दे," असे मी म्हणतो. आणि रंगारी मुकाट्याने रेघेभोवती वीतभर जागा सोडून बाकीची भिंत रंगवून जातो. असे वर्षानुवर्षे चालले आहे.

या रेघेविषयी कधी काही लिहीन असे मला वाटले नव्हते. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकवर थांबलेले, आणि तेही गणिताच्या पेपरात परीक्षकाने डोळेझाक केली म्हणून पार पडलेले. तेव्हा उंची मोजण्याच्या शास्त्रावर मी लेख लिहावा, हे जाणत्यांना धाडस वाटेल. पण दोष माझा नाही. तो सातवीतल्या एका मुलाचा आहे.

पावसाळ्यात आमच्या वर्गात रोज पाच मिनिटे वर्तमानपत्राचे वाचन असते. जुलै महिन्यातली गोष्ट. एका मुलीने ठळक बातमी वाचून दाखवली : विहार तलाव भरून वाहू लागला, पाण्याची पातळी ८०.१२ मीटर. तानसा अमुक, तुळशी तमुक. मुंबईकराला या आकड्यांची इतकी सवय झालेली असते की पंचांगातल्या घटिका-पळांप्रमाणे तो ते ऐकतो आणि सोडून देतो. पण मागच्या बाकावरून प्रश्न आला :

"सर, ऐंशी मीटर कशापासून?"

"समुद्रसपाटीपासून," मी तत्परतेने सांगितले. मास्तरांची तत्परता ही पुष्कळदा अज्ञानाची बहीण असते.

"नाही सर. माझे आजोबा पाणीखात्यात होते. ते म्हणतात, समुद्रापासून नाही. टाउन हॉलपासून."

वर्ग हसला. मीही हसलो. कुठे बोरिवलीच्या जंगलाकडेचा विहार, कुठे कोटातला टाउन हॉल! घरी जाऊन दोन-चार पुस्तके चाळली, एका ओळखीच्या निवृत्त ओव्हरसियरना गाठले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांसमक्ष कबूल केले की आजोबांचे बरोबर आहे.

टाउन हॉल म्हणजे आपण आज ज्याला एशियाटिक सोसायटीची इमारत म्हणतो ती. कर्नल कौपर यांनी आखलेली, १८३३ साली पुरी झालेली, समोर ग्रीक धाटणीचे खांब आणि तीस पायऱ्या. या पायऱ्यांवर बसून परीक्षेचा अभ्यास केलेली किंवा नुसतीच शेंगा खाल्लेली माणसे मुंबईत हजारो असतील. पण या इमारतीचा आणखी एक उपयोग एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनियरांनी करून ठेवला आहे. गटारे खोदायची, नळ घालायचे, रस्ते बांधायचे, तर शहरातली प्रत्येक जागा दुसरीच्या मानाने किती उंच, किती सखल, हे ठाऊक हवे. आणि त्यासाठी सर्वांनी एकाच ठिकाणापासून मोजायला हवे. मोजणीला आधार असा पाहिजे की जो खचणार नाही, हलणार नाही आणि कोणी उचलून नेणार नाही. टाउन हॉल याला अगदी योग्य. त्या इमारतीवरून एक शून्य ठरवले गेले, आणि त्याला नाव पडले टाउन हॉल डेटम. डेटम म्हणजे मोजणीचे मूळ. आपण त्याला आधारपातळी म्हणू.

आता यातली गंमत पाहा. हे शून्य त्यांनी इमारतीपाशी किंवा समुद्राच्या पृष्ठभागावर ठेवले नाही. ते धरले जमिनीच्या पोटात, इतके खोल की समुद्राची सरासरी पातळीच या मापाने सुमारे ८० फुटांवर, म्हणजे २४.४ मीटरवर येते. सोय उघड आहे. मुंबईतले कितीही खोल गटार घ्या, गोदीचा तळ घ्या, विहिरीचे बूड घ्या, आकडा उणे होत नाही. कारकुनाने वजाबाकीचे चिन्ह विसरले म्हणून कोणाचे घर बुडायला नको!

तेव्हा विहारचे ८०.१२ मीटर म्हणजे समुद्रापासून ८० मीटर नव्हेत. त्यातून २४.४ वजा केले की उरतात सुमारे ५६ मीटर. तुळशीचे १३९.१७ आणि तानसाचे १२८.६३ हे भरून वाहण्याचे आकडेही याच मापातले. ठाणे जिल्ह्यातल्या डोंगरांत अडवलेले तानसाचे पाणी आज किती चढले, हे आपण अजून कोटातल्या एका इमारतीच्या हिशेबाने मोजतो.

मुलांना मग चटकच लागली. दुसऱ्याच आठवड्यात वर्तमानपत्रात आले : आज दुपारी ४.७५ मीटरची भरती, नागरिकांनी किनाऱ्यावर जाऊ नये. "सर, हे पावणेपाच मीटर कशापासून?" मी आता शहाणा झालो होतो. तत्परतेने उत्तर दिले नाही. चौकशी केली, तर कळले की हे तिसरेच शून्य! जहाजवाल्यांना भीती तळ लागण्याची. म्हणून त्यांचे शून्य अगदी खालच्या ओहोटीच्या आसपास धरलेले असते. मुंबई बंदरात समुद्राची सरासरी पातळी या शून्याच्या अडीच मीटर वर आहे. म्हणजे पावणेपाच मीटरची भरती सरासरी समुद्राहून सव्वादोन मीटर उंच. एकाच शहरात पाणीखाते, बंदरखाते आणि सर्व्हे खाते अशी तीन शून्ये गुण्यागोविंदाने नांदतात, आणि सामान्य माणूस तिघांचेही आकडे एकाच चहाच्या कपाबरोबर वाचतो.

मग सर्व्हे खात्याचे शून्य ते कोणते? येथे खरा इतिहास सुरू होतो.

विल्यम लँबटन याने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून या देशाच्या त्रिकोणमितीय मोजणीला आरंभ केला. सारे आयुष्य या मोजणीत घालवून तो १८२३ साली वाटेतच वारला, आणि वारला तोही आपल्या हिंगणघाटास. त्याचे थडगे तेथे आहे. त्याच्या मागून आलेल्यांनी त्रिकोणांचे जाळे हिमालयापर्यंत नेले. राधानाथ सिकदारांच्या गणितातून १८५२ साली सर्वांत उंच शिखर कोणते ते ठरले, आणि १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. हे आपण शाळेत शिकवतो. पण त्या शिखरापासून समुद्र शेकडो मैल दूर. मग ही उंची 'समुद्रसपाटीपासून' आहे हे कसे म्हणायचे? त्यासाठी किनाऱ्यावरून कोणीतरी पातळी हाताने चालवत देशाच्या आतपर्यंत न्यायला हवी. हे काम १८५८ साली सुरू झाले, आणि त्याची कहाणी शिखराच्या कहाणीइतकी रंगतदार नसल्यामुळे कोणी सांगत नाही.

पद्धत अशी. तिपाईवर दुर्बीण बसवायची. तिच्यात पाण्याचा बुडबुडा असतो, तो मध्यावर आला की दुर्बिणीची नजर बरोबर आडवी झाली. मागे काही अंतरावर एक गडी आकडे लिहिलेली पट्टी उभी धरतो, पुढे तितक्याच अंतरावर दुसरा. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, पुढच्या पट्टीवरचा वाचायचा. वजाबाकी केली की पुढची जागा किती चढली किंवा उतरली ते कळते. मग दुर्बीण उचलून पुढे, मागचा गडी त्याच्याही पुढे. पुन्हा तेच. अशी शेकडो मैल. मग सारा रस्ता उलट दिशेने पुन्हा मोजायचा, आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहायचे. उन्हाने तापलेल्या जमिनीवर हवा थरथरते आणि आकडे नाचू लागतात, म्हणून सकाळची वेळ साधायची. वारा सुटला की थांबायचे. पट्टी धरणाऱ्या गड्यांची नावे कुठल्या ग्रंथात नाहीत. पण त्यातला एकजण पेंगला असता तर वाटेतल्या सगळ्या गावांची उंची चुकली असती.

आणि समुद्राची 'सरासरी' तरी कोण काढणार? मुंबईचा समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो, आणि उधाणाच्या दिवसांत हा फरक चार-पाच मीटरांवर जातो. म्हणून अपोलो बंदरावर भरतीमापक यंत्र बसले. तेथील नोंद १८७८ पासूनची आहे. आशियातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक. बांधलेल्या विहिरीला खालून समुद्राचे पाणी मिळते, लाटांचा धक्का मात्र पोचत नाही. त्या पाण्यावर तरंगणारे भांडे वरखाली होते, आणि त्याला जोडलेली पेन्सिल घड्याळाच्या गतीने फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या कागदावर रेघ काढीत जाते. रात्रंदिवस, गणपतीत आणि शिमग्यात, समुद्र आपली रोजनिशी स्वतःच लिहीत असतो. चंद्राच्या कक्षेचा एक फेरा सुमारे साडेअठरा वर्षांचा. तेवढ्या वर्षांची रोजनिशी जमली म्हणजे सरासरीवर विश्वास ठेवता येतो. मला ही कल्पना फार आवडली. 'समुद्रसपाटी' असा शब्द आपण सहज वापरतो. पण अशी सपाटी समुद्रावर क्षणभरही कोणी पाहिलेली नाही. ती एकोणीस वर्षांच्या कागदांतून काढावी लागते.

पुढे १९०९ साली सर्व्हे खात्याने कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट या नऊ बंदरांची सरासरी समुद्रपातळी शून्य मानली आणि त्यावर सगळ्या देशाच्या उंचींचे जाळे बसवले. वास्तविक समुद्र नऊ ठिकाणी एका पातळीत नसतो. वारा, पाऊस, खारेपणा यांनी तो कुठे किंचित उंच, कुठे किंचित खाली असतो. पण संसारात कोठेतरी तडजोड करावीच लागते. रेल्वे स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत जी उंची लिहिलेली असते, तिचे मूळ हे.

हे मी वर्गात रंगात येऊन सांगत होतो, तोच त्या चौकस मुलाने थोरल्या भावाचा मोबाइल आणून माझ्यापुढे धरला. त्यात उपग्रहांवरून उंची दाखवणारी काहीतरी सोय होती. आकडा होता उणे साठच्या आसपास! म्हणजे कुर्ल्याच्या आमच्या शाळेचा वर्ग समुद्राखाली साठ मीटरवर भरला होता. मुलांनी नाक दाबून पोहण्याचे हावभाव सुरू केले. त्याचेही उत्तर पुढे मिळाले. उपग्रहांचे गणित पृथ्वीला एक गुळगुळीत, किंचित चपटा गोल मानून चालते. खऱ्या समुद्राचे पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाच्या ओढीप्रमाणे कुठे फुगते, कुठे खोलगट होते. जगातली सर्वांत मोठी खळगी लंकेच्या दक्षिणेस आहे, १०६ मीटरांची. आपण तिच्या उतारावर राहतो. मुंबईचा समुद्रच त्या कल्पित गोलाच्या साठाहून अधिक मीटर खाली आहे. चौथे शून्य! मी फळ्यावर चारही लिहिली आणि घंटा होण्याची वाट पाहिली.

इथवर सारी मौज होती. पण घरी आलो आणि भिंतीवरच्या रेघेकडे पाहिले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की या आकड्यांचा आणि माझ्या घराचा फार जवळचा संबंध आहे. विहार भरून वाहतो तेव्हा ते पाणी जाते कोठे? मिठी नदीत. विहार आणि पवईच्या सांडव्याचे पाणी घेऊन ही नदी सुमारे अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत कुर्ला. वाटेत आम्ही.

मुंबईचे दुखणे जुने आहे. मूळ बेटांच्या मधून भरतीचे पाणी शिरत असे. हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ या काळात गव्हर्नर होता. त्याच्या वेळी महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खिंड बांध घालून बुजवली गेली. तो बांध राहीना, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू कारागिराला देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती निघाल्या, त्यांची स्थापना झाली आणि बांध टिकला, ही महालक्ष्मीची कथा मुंबईच्या घराघरांत सांगतात. बांध टिकला हे खरे. पण देवीनेही एक गोष्ट केली नाही, आणि हॉर्नबीनेही नाही. समुद्र बाहेर राहिला, आत सुकलेली जमीन मात्र जेवढी सखल होती तेवढीच राहिली. भायखळा, ताडदेव, कामाठीपुरा ही वस्ती उभी राहिली ती उधाणाच्या भरतीहून खालच्या जमिनीवर. पावसाचे पाणी समुद्रात सोडायचे तर ओहोटीची वाट पाहायची. भरती असताना गटाराचे दार उघडले तर पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत यायचा. गटारांचे तोंड वरळीच्या लव्हग्रोव्हला, आणि तेथे एकोणिसाव्या शतकातच पाणी उपसायला इंजिने बसवावी लागली. २००५ नंतर पंपांची नवी ठाणी झाली, त्यांत लव्हग्रोव्ह पुन्हा आहेच. दीडशे वर्षे एकाच जागी पाणी उपसावे लागते, यावरून काय ते समजावे.

याच्या उलट उंचीचा सदुपयोग पाहायचा तर विहारच पाहावा. हेन्री कॉनिबेअर याने १८५२ साली मुंबईच्या आरोग्याच्या दशेवर एक अहवाल लिहिला होता. त्यानेच पुढे मिठीच्या उगमापाशी बांध घालून विहार तलाव केला, आणि १८६० साली पाणी शहरात आले. बत्तीस इंची लोखंडी नळ; पंप नाही, इंजिन नाही. छप्पन मीटर उंचीवरचे पाणी खाली येण्याची ओढ मनाशी बाळगून होते, तिच्याच जोरावर ते शहरभर पोहोचले. त्याआधी ज्यांच्या बायकांनी विहिरीवर रात्री काढल्या, त्यांना तो पहिला नळ सुटताना काय वाटले असेल, याची कादंबरी कोणी लिहायला हवी. मीच लिहीन म्हणतो. पण ते पुढे.

आता २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. शहराची पावसाळी गटारे जुन्या हिशेबाने तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली, आणि तीही ओहोटी आहे असे धरून. हा हिशेब अपुरा आहे, दुप्पट करा, असे १९९३ सालच्या अहवालात लिहिले गेले होते. लिहिलेले लिहिलेलेच राहिले. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास साडेचार मीटरची भरती होती. वरून विहार वाहू लागला होता. कुर्ल्याच्या खाली मिठीचा उतार जवळजवळ संपतो, समुद्र तेथवर मागे रेटतो. वरचे पाणी खाली येत होते, खालचे वर येत होते, आणि ते दोन्ही जेथे भेटले तेथे आमची गल्ली होती.

मी तेव्हा पंचविशीतला, नुकताच नोकरीला लागलेलो. शाळेतून घरी पोहोचायला मला दुसरा दिवस उजाडला. घरात आई आणि अण्णा होते. अण्णा गिरणीत फिटर होते; मोजल्याशिवाय कोणतीही गोष्ट खरी मानायची नाही, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. पाणी उंबऱ्यावर आले तेव्हा त्यांनी आईला पोटमाळ्यावर चढवले, देवांचे ताम्हन तिच्या मांडीवर दिले, आणि स्वतः शिडीवर बसून रात्रभर बॅटरीच्या उजेडात वितीने पाणी मोजत राहिले. "दोन वीत... अडीच वीत..." आई सांगायची की त्या रात्री पाण्यापेक्षा त्या मोजण्याचीच तिला जास्त भीती वाटली. मी आलो तेव्हा पाणी उतरले होते. अण्णा ओल्या भिंतीसमोर उभे होते. चिखलाची कड अजून ताजी होती. त्यांनी अंगणातला विटेचा तुकडा उचलला आणि ती कड सुकून पुसली जाण्याआधी रेघ ओढली.

या रेघेवरून पुढे अण्णांचा एका कचेरीशी पत्रव्यवहार झाला. झाले असे की आमच्या शेजारी नवी इमारत उठली. तिचे आवार भर घालून उंच केले गेले. मग रस्ता त्याला जुळवून उंच झाला. पुढच्या वर्षी त्यावर आणखी एक थर. माझ्या लहानपणी रस्त्यावरून आमच्या घरात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. २००५ साली एक पायरी उरली होती. आज एक पायरी उतरून आत यावे लागते. घर जागचे हललेले नाही. पण आता साधा जोराचा पाऊस झाला तरी रस्त्यावरचे पाणी उंबरा शोधीत येते. अण्णांनी तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आले : आपली गल्ली सखल भागात येत असल्यामुळे पाणी साचणे स्वाभाविक आहे. अण्णांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "सखल? कशापासून?"

त्या मुलाने वर्गात तोच प्रश्न विचारला तेव्हा मी क्षणभर का गप्प झालो, हे आता वाचकांच्या लक्षात आले असेल. अण्णा २०१४ साली गेले. उत्तर त्यांना मिळाले नाही.

या सप्टेंबरात एका रविवारी त्या मुलाला, त्याच्या दोन मित्रांना आणि ओळखीच्या एका मिस्त्रीला मी घरी बोलावले. मिस्त्रीने पाण्याची पारदर्शक नळी आणली. दुर्बिणीची ही गरीब बहीण. नळीच्या दोन टोकांना पाणी नेहमी एका पातळीत राहते, मग मध्ये वळण असो की भिंत. "मास्तर, बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर नळी खोटं बोलते," मिस्त्री म्हणाला. आम्ही नाल्यावरच्या पुलाचा दगडी कोपरा आधार धरला, कारण तो माझ्या आठवणीत कधी बदललेला नाही. तेथून रस्त्याच्या कडेने, नव्या इमारतीच्या फाटकावरून, आमच्या उंबऱ्यापर्यंत पातळी आणली. मग उलट मोजत परत गेलो, सर्व्हे खात्याप्रमाणे. पहिल्या खेपेस दोन इंचांची चूक निघाली. एका गड्याने मध्येच वडापाव घेतला होता. दुसऱ्या खेपेस जुळले.

हिशेब असा निघाला. आमची फरशी आज रस्त्याहून ६ इंच खाली. जुन्या पायऱ्या सात-सात इंचांच्या, तीन पायऱ्यांचे २१ इंच. म्हणजे माझ्या आयुष्यात रस्ता २७ इंच वर आला आहे. अण्णांची रेघ फरशीपासून ५० इंचांवर. मुलगा वहीत आकडे मांडता मांडता थांबला.

"सर, पूर लहान झाला!"

"म्हणजे?"

"तेव्हा एक पायरी होती ना? मग तेव्हाच्या रस्त्यावरून पाणी ५७ इंच होतं. आताच्या रस्त्यावरून मोजलं तर ४४ च येतं. तेरा इंच गेले."

मी त्याची वही हातात घेतली. वजाबाकी बरोबर होती. नव्या इमारतीत राहायला आलेल्या कोणाला कोणी सांगितले की येथे एकदा पावणेचार फूट पाणी होते, तर तो रस्त्याकडे पाहून म्हणेल की बरे, म्हणजे कमरेच्या थोडे वर. तो खोटे बोलत नसेल. त्याचा रस्ताच पुराच्या अर्ध्या वाटेवर चढून बसला आहे. आणि समुद्र? अपोलो बंदराच्या त्या जुन्या रोजनिशीवरून तो विसाव्या शतकात वर्षाला सुमारे एक मिलिमीटर चढत आला. अलीकडे वेग वाढला आहे. आमच्या रस्त्याच्या मानाने फारच संथ. पण रस्ता चढतो तो माझ्या दारापुढे, आणि समुद्र चढतो तो सगळ्यांच्या.

परवा रंगारी आला. नेहमीप्रमाणे भिंतीपाशी थांबला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी तोंड उघडण्याआधीच आतून उत्तर आले, "ती राहू द्या. तिच्यावरून पोरांनी बाहेर खूण केली आहे." खरेच, गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर रस्त्यापासून ४४ इंचांवर मुलांनी तांबड्या रंगाचा पट्टा मारला आहे आणि खाली तारीख घातली आहे. तो सरळ आहे. मिस्त्रीने पाणसळ लावून आखून दिला.

"आणि रस्ता पुन्हा वाढवला तर?" तिने विचारले.

"तर पुन्हा मोजू," तो मुलगा म्हणाला. तो फराळाच्या आशेने दारातच उभा होता. त्याने खिशातून वही काढली आणि पुलाच्या दगडी कोपऱ्याचे चित्र काढून त्याखाली लिहिले : आधार क्रमांक १. मग चकलीचा तुकडा मोडून वहीवरचे तेल बाहीने पुसले.